बसून करायचा व्यायाम

आकाराम अंबी दिवसभर उभा असायचा आणि रशीद शिंपी दिवसभर बसलेला. दोघांच्या भांडणाचं मूळ म्हणाल तर एवढंच. बाकीचं सगळं त्यांनी हौसेनं वाढवलेलं होतं.

आकाराम उद्यमनगरात लेथवर कामाला होता. सकाळी मशीनसमोर जो उभा राहायचा तो सुट्टीचा भोंगा होईपर्यंत. संध्याकाळी घरी आला की त्याची बायको बनाबाई बादलीत कढत पाणी ओतून ठेवायची आणि तो त्यात पाय सोडून हुश्श करायचा. त्यामुळं व्यायाम करायचा तर बूड टेकून, असा त्याचा हट्ट. रशीदचं शिलाईचं दुकान रंकाळा वेशीजवळ, खाली दुकान आणि वर घर. दिवसभर पाय मशीनच्या पाट्यावर चाललेले, पण माणूस जागचा हलत नाही. तो म्हणायचा, "दिसभर बसूनच असतोय मी. आनि व्यायामाला बी बसू व्हय? मग उठू कवा लेका, कयामतीला?"

म्हणून रशीद पळायचा आणि आकाराम नाव वल्हवायचा. रोज सकाळी, रंकाळ्यावर, एक काठानं आणि एक पाण्यातनं.

हा प्रकार सुरू झाला तेव्हा साल पासष्ट-सहासष्ट असेल. त्या काळी कोल्हापुरात व्यायामाला तोटा नव्हता. गल्लीगल्लीत तालीम होती, जोर-बैठका काढणारी पोरं होती, म्हशीखालचं दूध तिथंच उभ्यानं पिणारे पैलवान होते. पण संसारी माणसानं, आणि तेही शिंप्यानं, उगीचच पळत सुटायचं ही गोष्ट कुणाच्या पचनी पडण्यासारखी नव्हती. पळतो तो एकतर पैलवान, नाहीतर चोर, नाहीतर कुणाच्या घरी वाईट बातमी सांगायला निघालेला. रशीद पळताना दिसला की म्हाताऱ्या दारात येऊन विचारायच्या, "कोन गेलं रं?" एकदा तर दोन भले लोक त्याच्यामागनं निम्मा रंकाळा पळाले. पुढं काहीतरी पेटलंय अशी त्यांची समजूत. शेवटी रशीद थांबला, हेही थांबले, आणि "कुटं लागलीया आग?" असं त्यांनी विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "माझ्या पायाला." त्यांनी त्याला घातलेल्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत.

आकारामला मात्र कुणी हसलं नाही, कारण नाव वल्हवणं हे त्याच्या घराण्याचंच काम. बापाची नाव कसबा बावड्याच्या घाटावर असायची. पंचगंगा भरली की माणसं, शेरडं, वैरण, हळदीची नवरी, सगळं बापानं या काठाचं त्या काठाला नेलं आणि मिसरूड फुटल्यावर आकारामनंही नेलं. मग पूल झाला आणि घाटावर माणूस फिरकेनासा झाला. आकाराम शहरात येऊन लेथ शिकला, पण उजाडलं की त्याचे हात शिवशिवायचे. रंकाळ्यावर हौशी लोकांना फिरवायच्या नावा ठेवणारा हंबीरराव म्हणून एक गृहस्थ होता. त्याच्या नावांच्या फटी बुजवून डांबर लावायचं काम आकाराम सुट्टीच्या दिवशी करून द्यायचा आणि त्याबद्दल सकाळची एक नाव त्याला मोकळी मिळायची. दोन वल्ह्यांची. वल्हवणाऱ्यानं जिकडं जायचं तिकडं पाठ करून बसायचं आणि समोरच्या फळीवर बसणारा त्याच्या तोंडाकडं तोंड करून, अशी तिची रचना. समोरची फळी अर्थातच रिकामी असायची, कारण रशीद बसणाऱ्यांतला नव्हता.

दोघं एका जागेवरनं निघायचे. रशीद काठाकाठानं फेरी मारायचा, आकाराम पाण्यातल्या दगडी संध्यामठापलीकडं जाऊन परतायचा, आणि मग चहाच्या गाड्यावर रोजचा वाद उभा राहायचा.

"तुझा व्यायाम बसून," रशीद सुरुवात करायचा. "बसून मानसं पत्तं खेळत्यात. बसून सुपारी कातरत्यात. बसून व्यायाम करनारा तूच पैला बगितला बाबा."

"खुळा हायस. वल्हं हातानं मारत न्हाईत, पायानं मारत्यात. पाय फळीला लावायचं, रेटायचं, मग पाठ, मग खांदं, हात सगळ्यात शेवटी. अंगातलं एक हाड रिकामं ऱ्हात न्हाय. तुझं काय, निस्तं गुडघं कुटायचं."

"पन मला नाव लागत न्हाय. हंबीररावाची मिनतवारी लागत न्हाय. दोन पाय घेतलं की निगालं."

"आनि म्हातारपनी त्येच गुडघं घिऊन डॉक्टरच्या दारात."

"ते ऱ्हाऊंदे. दम लागला तर मी कुटंबी टेकतोय. तू काय करशील रं, मदी पान्यात?"

या मुद्द्याशी आकाराम अडायचा, कारण मुद्दा खरा होता. मग तो रशीदची पिंडरी चिमटीत धरून गाड्यावरच्या सगळ्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, "बगा, पळून पळून कोंबडीची तंगडी झालीया." आणि रशीद त्याची सुटलेली ढेरी दाखवून म्हणायचा, "आनि ही बसून बसून."

तसं पाहिलं तर दोघंही बरोबर होते. पळण्यानं छाती मोकळी होते, दम वाढतो, वाटेत चार माणसं भेटतात. वल्हवण्यानं अख्खं अंग पिळून निघतं आणि गुडघ्याला धक्का बसत नाही. पण खरं काय ते ठरवून टाकायची त्यांना घाई नव्हती. भांडल्याशिवाय त्या चहाला गोडी येत नसे. दोघांचा एकमेकांवर इतका जीव होता, की तो बोलून दाखवायची सोय नसल्यामुळं त्यांनी भांडणाची सोय करून घेतली होती.

त्यात रशीदची जीभ तिखट, त्यामुळं त्याचंच म्हणणं गावात पसरलं. रंकाळा वेशीत कुणी आळशासारखा लोळत पडला की लोक म्हणायचे, "काय, आकारामचा व्यायाम चाललाय वाटतं?" रशीदची बायको सुगरा दुकानात काजं-बटणं करत बसायची, तीही हसून म्हणायची, "मी बी करतोय आकारामभाऊंचा व्यायाम, बसून." त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा-बायको, मशीन आणि आकाराम, एवढाच त्यांचा गोतावळा. आकाराम आला की सुगरा वरनं हाक मारायची, "भाऊ, जेवूनच जावा," आणि हा जेवूनच जायचा.

वर्षं अशीच गेली. पुढं सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला शहाण्या लोकांनाही पळायचं वेड लागलं. डॉक्टर, वकील, कॉलेजातले प्राध्यापक पांढरे बूट घालून रंकाळ्यावर उतरू लागले. कालपर्यंत जे पळणं होतं त्याला जॉगिंग म्हणू लागले. रशीदला काय आनंद झाला! "आकाराम, आपलं पळनं इंग्लिश झालं," असं तो दिसेल त्याला सांगत सुटला. गाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जागिंग म्हंजे काय रं?" तर म्हणाला, "तुमी सगळी झोपलेला असतासा तवा आमी जागं असतोय, म्हणून जागिंग." तीन वकिलांनी त्याच्याकडनं पळायच्या अर्ध्या चड्ड्या शिवून नेल्या. ज्या पळण्यापायी लोक त्याला वेड्यात काढत होते, त्याच पळण्यापायी आता लोक त्याला विचारायला येऊ लागले, की मास्तर, श्वास कसा घ्यायचा, टाच आधी टेकायची की चवडा.

आणि पळण्याला असे दिवस आले तेव्हाच नेमकं रशीदचं पळणं बंद झालं. दैवाला गरिबाची थट्टा करायची एवढी खोड का असावी, मला तरी कळत नाही. त्याला कळ आली तीही पळताना नव्हे. मशीनवर बसल्या जागी, कुणाच्यातरी लग्नाच्या कोटाला अस्तर लावताना आली. छातीत, मग डाव्या हातात. दवाखान्यातनं सोडताना डॉक्टरांनी सुगराला समोर बसवून नीट समजावून सांगितलं. "पळायचं अजिबात नाही. जिना चढायचा नाही. ओझं उचलायचं नाही. बसल्या बसल्या थोडे हातपाय हलवत राहा, एवढा व्यायाम त्यांना पुरे."

डॉक्टर भला माणूस होता आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मुठी उघडा-मिटा, पाऊल गोल फिरवा, असं त्याला म्हणायचं होतं.

रशीद घरी आला आणि बसला. मराठीत हा शब्द मोठा वाईट आहे. धंदा बसतो, भिंत बसते, घसा बसतो, तसा माणूसही बसतो. जिना नको म्हणून त्याची खाट दुकानातच घातली होती. पहाटे रस्त्यावरनं कुणाच्या तरी बुटांचा आवाज जायचा आणि हा कूस बदलून भिंतीकडं तोंड करायचा. जेवणावरची वासना उडाली. गिऱ्हाईक आलं की "सुगराला सांगा" म्हणायचा. आकाराम रोज संध्याकाळी यायचा आणि मुद्दाम उकरून काढायचा, "रशीद, पळनं म्हंजे निस्तं गुडघं कुटनं, तुला सांगतोय." रशीद म्हणायचा, "व्हय. तुझंच खरं."

त्या रात्री आकारामला घास गिळवेना. बनाबाईनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "रशीद मला व्हय म्हनला." तिला ते ताबडतोब कळलं आणि तिनं ताट उचललं.

दोन-चार दिवसांनी सुगरानं आकारामला दाराबाहेर गाठलं. तिचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याचा उजेड होता. "भाऊ, डॉक्टर म्हनलं, बसल्या बसल्या व्यायाम चालतोय. आनि बसून व्यायाम म्हंजे तुमचाच की! ह्येनी एवढी वर्सं तेच तर सांगत आल्यात. त्यास्नी नावंतनं घिऊन जावा न्हवं. रंकाळा बगितला की जीव तरी रमंल."

आता आकारामनं काय करायला हवं होतं ते तुम्हीआम्ही घरबसल्या सांगू शकतो. "भाभी, ते रेड्याचं काम हाय," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पंधरा वर्षं तो जगाला हेच ओरडून सांगत होता. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून त्याला ते सांगवेना. त्यानं मनाशी म्हटलं, वल्हवणार मी, तो नुसता बसेल. त्यात काय वाईट? आणि तो म्हणाला, "उद्याच नेतो."

बनाबाई मात्र घरी म्हणाली, "तुमीच म्हनता न्हवं, वल्हं मारनं म्हंजे अंग पिळवटतंय? आनि आजारी मानसाला?"

"त्यो फळीवर बसनार. मी हाय की," आकाराम म्हणाला.

आणि खरोखरच तसं झालं. रिक्षातनं रशीदला रंकाळ्यापर्यंत आणायचं, हंबीररावानं आणि आकारामनं दोन्ही बाजूंनी धरून नावेत उतरवायचं, समोरच्या फळीवर बसवायचं. पहिल्या दिवशी तो खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्यात बोटं बुडवली. आठवडा गेल्यावर काठावरचे पळणारे बघून त्याची जीभ सुटली. "त्यो बग प्रोफेसर, बदकागत चाललाय. त्यो बग वकील, चड्डी मी शिवली म्हणून पळतोय, न्हायतर पडला असता." आकाराम हसून वल्हवायचा. त्याला वाटायचं, हे असंच चालू राहावं, दुसरं काही नको. घरी सुगरा सांगायची की आज दोन भाकरी खाल्ल्या, आज मशीनवर बसून एक बाही लावली. तिनं आकारामच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या व्यायामानं मानूस उठून बसला."

मग एका सकाळी रशीद म्हणाला, "दे की जरा."

"काय?"

"वल्हं. मी काय पालखीतला देव हाय व्हय, निस्ता मिरवायला?"

"नगं. जड हाय ते," आकाराम म्हणाला.

रशीदचा चेहरा पडला. तो एवढा पडला की आकारामला तो दुकानातल्या खाटेवरचा रशीद समोर दिसला. तो हळूच म्हणाला, "तू बी मला मेल्यात जमा केलास व्हय रं?"

आकारामला बाकी काही सोसलं असतं, हे सोसलं नाही. तो उठला, नाव डुलली, त्यानं रशीदचा हात धरून त्याला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः समोर बसला. आणि सगळ्या जन्मात जे वाक्य त्यानं कधी मान्य केलं नव्हतं ते तो हसत हसत बोलून गेला. "घे. जड कसलं? बसायचं तर काम हाय."

त्या दिवशी रशीदनं चार-सहा हात मारले आणि नाव जागच्या जागी गोल फिरली. दोघं पोट धरधरून हसले. नंतर रोज थोडं थोडं. आकाराम समोर बसून शिकवायचा, लेथवर नवीन माणसाला शिकवावं तसा मन लावून. पाय फळीला लाव. रेट. आता पाठ. आता खांदं. रशीदच्या पायांत पळणाऱ्याची ताकद होतीच, ती वल्ह्यात यायला फार दिवस लागले नाहीत. गालांवर रंग आला. आकाराम तो रंग बघायचा आणि मनातली शंका मनातच दाबायचा. माणूस बरा दिसतोय, हसतोय, खातोय, मग वाईट कसं असेल?

थंडीचे दिवस होते, साल एक्क्याऐंशी. रविवार होता. पाण्यावर वारा होता आणि रशीद खुशीत होता. काठावरनं एक वकील पळत चालला होता. त्याला बघून रशीदला जुनी खुमखुमी आली. "वकीलसायब," तो ओरडला, "लावता काय पैज? तुमी काठानं, मी पान्यातनं!" वकिलानं हसून हात केला आणि वेग वाढवला. झालं. रशीदनं पाय लावले आणि नाव सुटली.

आणि आकारामनं त्याला थांबवलं नाही. त्यानं आरोळ्या मारल्या. "हां, लाव पाय! पाठ! मार खांद्यानं! आयला, गेला की वकील मागं!" तो समोर बसून मांडीवर थाप मारत होता, पोरासारखा ओरडत होता. पंधरा वर्षांत दोघं प्रथमच एका बाजूला होते.

वकील मागं पडला. रशीदनं वल्ही सोडली आणि तो वाकला. त्याच्या कपाळावर घाम थबथबला होता. मान वर करून तो आकारामकडं बघून हसला आणि म्हणाला, "आकाराम, ह्ये बसायचं काम न्हाय रं."

आकारामला इतका आनंद झाला! एवढ्या वर्षांचा वाद तो आज जिंकला होता, तोही खुद्द रशीदच्या तोंडानं. "आत्ता कळलं व्हय लेका?" असं तो टाळी वाजवून ओरडला. ते शब्द त्याच्या तोंडात होते तोवरच रशीद कलला.

मध्ये पाण्यात टेकायला जागा नव्हती. त्याला नावेच्या तळाशी निजवून आकाराम वल्ह्यावर बसला आणि पंचगंगेच्या पुरातही कधी मारले नव्हते असे हात त्यानं मारले. तोंड रशीदकडं, पाठ काठाकडं. काठ किती लांब आहे ते दिसत नव्हतं, फक्त रशीद दिसत होता, आणि त्याची नजर कुठंच बघत नव्हती. काठावर वकील होता, हंबीरराव होता, रिक्षा होती, सगळं होतं. रशीद नव्हता.

दफनाला आकारामनं खांदा दिला, मूठभर माती घातली आणि घरी येऊन जो गप्प झाला तो झालाच. रंकाळ्यावर पाऊल टाकेना. कारखान्याला जाताना लांबचा वळसा घालून जायचा. हंबीररावानं निरोप पाठवला, "नाव वाट बगतीया," तरी हा गेला नाही. लेथ चालू असताना त्याच्या कानात आपलाच आवाज यायचा, लाव पाय, मार खांद्यानं. इतर कुणाला वल्ह्याचं वजन ठाऊक नसेल तर नसेल. त्याला ठाऊक होतं. सगळ्या गावात एकट्यालाच नेमकं ठाऊक होतं आणि त्यानंच वल्ही हातात दिली होती. हे दुःख कुणाजवळ बोलण्यासारखंही नव्हतं.

सुगरा इद्दतीत बसली होती. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज. बनाबाई मधून मधून जाऊन यायची. एक दिवस येऊन म्हणाली, "भाभीनं तुमास्नी बलवलंय. पडद्याआडनं बोलायचं म्हनत्यात." मग चपला काढता काढता थांबून म्हणाली, "त्या काय इचारतील त्येचा इचार करून जावा."

दुकानात मशीनवर फडकं घातलं होतं. आतल्या दाराला चादर लावलेली. आकाराम अलीकडं बाकड्यावर बसला. ज्या घरात तो चुलीपर्यंत जात होता, तिथं त्याला चादरीची फुलं मोजत बसावं लागलं. पलीकडं बांगड्यांचा आवाज नव्हता.

"भाऊ," सुगराचा आवाज आला, अगदी जवळून. "मला झोप लागत न्हाय. एक इचारू?"

"इचारा भाभी."

"मीच तुमास्नी सांगितलं न्हवं, त्यास्नी घिऊन जावा म्हनून. डॉक्टर म्हनलं हुतं बसून करायचं, म्हनून मी सांगितलं. ते वल्हवनं... हलकंच असतंय न्हवं? का जड असतंय?"

खरं सांगितलं असतं तर आकारामच्या छातीवरचा धोंडा अर्धा उतरला असता. पण उतरून तो कुठं गेला असता? चादरीच्या पलीकडं, त्या बाईच्या उरावर. डोळ्यांतनं पाणी गळत होतं, आणि चादर होती म्हणून ते लपलं. त्यानं आवाज सरळ केला.

"हलकं असतंय भाभी. बसायचंच काम हाय ते."

"शेवटाला काय बोललं का ते?"

आमच्या कोल्हापुरी बोलीत हाय आणि न्हाय यांच्यात अर्ध्या अक्षराचं अंतर. आकारामनं ते अर्धं अक्षर गिळलं.

"बोलला. हसून बोलला. म्हनला, आकाराम, ह्ये बसायचं काम हाय रं."

पलीकडनं हुंदका आला, आणि त्यामागनं लांब सुटलेला श्वास. "मग माझ्या हातनं वंगाळ झालं न्हाय म्हनायचं," सुगरा म्हणाली. "त्यांची येळच आली हुती."

"येळच आली हुती," आकाराम म्हणाला आणि उठला.

तो उंबऱ्यावर पोचला तोच आतनं पुन्हा आवाज आला. "भाऊ, मग तुमी का सोडलंसा? बनावैनी म्हनल्या, रंकाळ्याकडं फिरकत न्हाईत. हलकं असतंय तर का सोडलंसा?"

तिनं सहज विचारलं होतं. पण त्या प्रश्नात शंकेचं टोक होतं आणि ते आकारामला टोचलं. तो म्हणाला, "सोडलं न्हाय. जरा थंडी हुती म्हनून. उद्यापास्नं जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रंकाळ्यावर गेला. हंबीररावानं नाव सोडून दिली. समोरची फळी रिकामी होती आणि वल्हवणाऱ्याला तोंड फिरवता येत नाही. संध्यामठापर्यंत तो त्या फळीकडं बघत गेला आणि तिकडनं परतताना तिच्याचकडं बघत आला. त्यानंतर त्यानं एकही सकाळ चुकवली नाही, कारण रंकाळ्यावर कोण आलं नि कोण नाही आलं हे रंकाळा वेशीत कळायला वेळ लागत नाही. गाड्यावर कुणी जुना विषय काढला तर म्हणायचा, "रशीदचंच खरं हुतं. पळनं जड. आमचं काय, बसून."

इद्दत संपली आणि सुगरा पुन्हा मशीनवर बसायला लागली. दिवसभर बसून पाय आखडायचे, म्हणून सकाळी रंकाळ्याच्या काठानं चालायला यायची. रशीद जिथनं पळायला निघायचा त्याच जागी ती कट्ट्याला टेकून थांबायची आणि नाव यायची वाट बघायची. आकारामची पन्नाशी आली होती, छातीचा भाता झालेला असायचा. पण ती दिसायच्या आधी तो दम आवरायचा, खांदे सैल सोडायचा, ओठ मिटून घ्यायचा आणि फुलं वेचावीत इतक्या सहज वल्ही मारत तिच्यासमोरनं जायचा. ती हात करायची. तोही हसून मान हलवायचा. ती दिसेनाशी होईपर्यंत तो श्वास सोडत नसे.